स्पर्धा संपली, मांडव निघाला, आता गावाला काय उरलं ते कसं मोजायचं

पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडा संकुलाच्या गेटवर मंगळवारी सकाळी पावणेसहाला वही-पेन घेऊन उभं राहायचं, मोठ्या स्पर्धेचा टिकाऊ फायदा मोजायचं निम्मं काम तिथेच होतं, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. मग लोक विचारतात की म्हणजे नक्की करायचं काय, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. मंगळवारच का, तर रविवारी सगळेच येतात, सुट्टीला तर फोटो काढायलाही येतात, पण मंगळवारी येतो तो रोजचा माणूस, आणि स्पर्धेचा खरा फायदा या रोजच्या माणसाला झाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बालेवाडी घेतो कारण तिथे मोजण्यासारखं भरपूर आहे. संकुल उभं राहिलं १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. मग ऑक्टोबर २००८ मध्ये युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, ७१ देश आले होते, जुलै २०१३ मध्ये आशियाई ऍथलेटिक्स, जानेवारी २०१९ मध्ये खेलो इंडिया युथ गेम्स, २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल कपाच्या मॅचेस, मधल्या काळात एटीपीची टेनिस स्पर्धा. म्हणजे तीस वर्षांचा इतिहास एका जागेवर. आणि यातल्या प्रत्येक वेळचे आकडे शोधायला गेलात तर काय मिळतं, किती देश आले, किती खेळाडू आले, किती पदकं मिळाली, किती कोटी खर्च झाले. हे सगळे आकडे त्या आठ-दहा दिवसांचे आहेत. खेलो इंडियात महाराष्ट्राने २२८ पदकं मिळवली याचा मलाही आनंद आहेच, पण त्यावरून शेजारच्या वस्तीतल्या पोरीला पळायला ट्रॅक मिळतो का हे कळत नाही. ते कळायला वेगळं मोजावं लागतं.

आधी ठरवा, फायदा कुणाचा

हे सगळ्यात आधी करा, नाहीतर पुढचं सगळं वाया जातं. "स्थानिकांना फायदा झाला" या वाक्यातले स्थानिक म्हणजे कोण ते कागदावर लिहा. ज्यांच्या शेतजमिनी त्या भागात होत्या ते जुने गावकरी, नंतर फ्लॅट घेऊन आलेले, भाड्याने राहणारे, वस्तीत राहून सोसायट्यांमध्ये कामाला जाणाऱ्या मावशी, महापालिकेच्या शाळेतली मुलं, चहाच्या टपरीवाले, लांबून हॉस्टेलवर राहायला येणारे खेळाडू. या सात जणांना एकाच स्पर्धेचे सात वेगवेगळे अनुभव आलेले असतात, आणि त्यांची सरासरी काढली की कुणाचंच खरं हातात राहत नाही.

याचं एक उदाहरण नेहमी डोळ्यासमोर ठेवा. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी अक्षरधामजवळ खेळाडूंचं गाव बांधलं, डीडीए म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरण आणि खासगी बिल्डर यांच्या भागीदारीत, आणि स्पर्धा झाल्यावर ते महागडे फ्लॅट झाले. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी डॅलमार्नॉकला खेळाडूंचं गाव बांधलं, तिथे नंतर ७०० घरं झाली आणि त्यातली ४०० कमी भाड्याने देण्यासाठी ठेवली. दोन्ही ठिकाणच्या अहवालात "घरं उपलब्ध झाली" असं एकसारखं वाक्य लिहिता येईल, पण घरं कुणाला मिळाली हा कॉलम टाकला की दोन्ही चित्रं एकदम वेगळी दिसतात. म्हणून तुमच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला "कुणाला" हा कॉलम ठेवा, रिकामा राहिला तर ती ओळ खोडा.

आधीचं चित्र नसेल तर ते उभं करा

आधी काय होतं ते माहीत नसेल तर नंतर काय बदललं ते सांगता येत नाही, इतकं साधं आहे. लंडनला २०१२ चं ऑलिम्पिक मिळालं २००५ मध्ये आणि इंग्लंडमधली मोठी माणसं किती खेळतात याचा देशभरचा सर्वे त्यांनी २००५ च्याच शेवटी सुरू केला, त्यामुळे पुढची दहा वर्षं प्रत्येक आकड्याला मागे टेकायला भिंत होती. ग्लासगोत स्पर्धेच्या दोन वर्षं आधी, स्पर्धेच्या वर्षी आणि दोन वर्षं नंतर असे पूर्वेकडच्या वस्त्यांमधल्या रहिवाशांचे सर्वे झाले.

आपल्याकडे असं बहुतेक झालेलं नसतं, पण म्हणून हात टेकू नका, जुनं चित्र बरंचसं उभं करता येतं. जुने सातबारा बघा, जमीन कुणाच्या नावावर होती आणि तिच्यात काय पिकत होतं ते कळतं. शाळेची जुनी हजेरी आणि क्रीडा स्पर्धांची सर्टिफिकेटं बघा, गावातल्या शाळेतून तालुका-जिल्ह्याला किती मुलं खेळायला जायची ते त्यात सापडतं. गूगल अर्थमध्ये जुने सॅटेलाइट फोटो वर्षावार बघता येतात, मैदानं कुठे होती, कुठे पार्किंग झालं, कुठे इमारत आली हे डोळ्यांनी दिसतं. ग्रंथालयात जुने पेपर असतात, स्पर्धेच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांचे काढून बसा आणि कुणी काय कबूल केलं होतं ते तारखेसकट उतरवून घ्या. ही आश्वासनांची यादी फार कामाची आहे, पुढे मोजायचे मुद्दे बरेचसे यातूनच मिळतात.

आणि म्हाताऱ्या माणसांशी बोला, पण प्रश्न नीट विचारा. "पूर्वी इथे किती लोक खेळायचे" असं विचारलं की सगळे म्हणतात खूप खेळायचे, कारण आपलं लहानपण सगळ्यांनाच मोठं वाटतं. त्यापेक्षा "आजोबा, तुमची थोरली सातवीत होती तेव्हा शाळा सुटल्यावर कुठे खेळायची, किती वाजेपर्यंत, सोबत कोण असायचं" असं विचारा. वर्षाला एखादी खूण बांधली, लग्न, दहावी, मोठा पाऊस, की आठवण नेमकी येते. तीच गोष्ट तिघांनी वेगवेगळी सांगितली आणि जुळली तर लिहा.

हिंजवडीचं काय करायचं

ही या सगळ्यातली सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बालेवाडीला १९९४ मध्ये शेतं होती आणि आज उंच इमारती, हॉटेलं, बँका, सगळं आहे. मग हे क्रीडा संकुलामुळे झालं का? कुणी एक्झिबिशनमध्ये असे आधी आणि नंतरचे दोन फोटो लावले की टाळ्या पडतात. पण त्याच काळात पलीकडे हिंजवडीचं आयटी पार्क आलं, मुंबई-बंगळूर हायवे बाजूने जातो, २००२ पर्यंत मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला, १९९७ मध्ये हा भाग महापालिकेत आला. ही चार कारणं बाजूला काढल्याशिवाय संकुलाचा वाटा किती ते सांगताच येणार नाही.

यावर उपाय म्हणजे शेजारी बघायचा. बाणेर, वाकड, सूस, म्हाळुंगे, या सगळ्यांना हिंजवडी लागू आहे आणि हायवेही लागू आहे. मग या गावांमध्येही जे झालं ते संकुलाच्या खात्यात धरू नका. जमिनीचे भाव सगळीकडेच वाढले ना, मग ते सरळ वगळा. फक्त बालेवाडीतच जे वेगळं दिसतं, आणि ज्याचं कारण संकुलच असू शकतं, तेवढंच धरा. उदाहरणार्थ, नियमित कोचकडे जाणाऱ्या मुलांचं प्रमाण, एखाद्या खेळाचे किती क्लब आहेत, पोहायला शिकलेली मुलं किती, असल्या गोष्टी. दोन शाळा घ्या, एक संकुलापासून चालत जाण्याच्या अंतरावर आणि एक तशाच प्रकारची पण सात-आठ किलोमीटरवर, दोन्हीकडे सारख्याच फीची, सारख्याच माध्यमाची, आणि आठवीच्या वर्गाला याच गोष्टींबद्दल तेच पाच प्रश्न विचारा.

लंडनमध्ये अगदी हेच केलं होतं. ऑलिम्पिक पार्क आलं त्या न्यूहॅम भागातली शाळकरी मुलं आणि शेजारच्या टॉवर हॅम्लेट्स, हॅकनी, बार्किंग अँड डॅगनम या भागांतली मुलं, असा स्पर्धेच्या आधीपासून पाठपुरावा केला. एवढा पैसा ओतूनही न्यूहॅमच्या मुलांच्या व्यायामात किंवा मनःस्वास्थ्यात शेजाऱ्यांपेक्षा म्हणावा असा फरक दिसला नाही. फक्त न्यूहॅमच बघितलं असतं तर जो काही चढ-उतार दिसला असता तो लोकांनी ऑलिम्पिकच्याच नावावर टाकला असता. म्हणून म्हणतो, शेजारी बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

गेटवरची मोजणी

आता मूळ कामाला येऊ. तीन माणसं लागतात, दोन मोजायला, एक बोलायला. सोबत घड्याळ आणि जाड पुठ्ठ्याची वही, मोबाईलवर मोजायला जाऊ नका, मध्येच फोन येतो आणि आकडा विसरतो. सकाळी पावणेसहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात. एक मंगळवार, एक शनिवार. आणि हे वर्षातून चारदा, फेब्रुवारीत, मे महिन्यात, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरात, कारण मे मध्ये समर कॅम्पची गर्दी असते आणि ऑगस्टमध्ये पाऊस असतो, एकाच वेळी मोजून वर्षाचा अंदाज बांधला तर तो चुकतो. गेट दरवेळी तेच. एकापेक्षा जास्त गेटं असतील तर प्रत्येकावर माणूस, नाहीतर निदान वहीत लिहून ठेवा की कुठलं गेट मोजलं नाही.

वहीत रेघा मारून कॉलम पाडा. बाई, पुरुष. शाळकरी, तरुण, मधल्या वयाचे, ज्येष्ठ, हे नजरेनेच. चालत, सायकल, टू-व्हीलर, चारचाकी, बस. सोबत रॅकेट, स्पाइक्स, पोहण्याची बॅग असं काही आहे का. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, आपली जुनीच पद्धत, याने काम भराभर होतं. चारचाकीचा कॉलम मुद्दाम ठेवा, आत येणाऱ्यांपैकी बहुतेक गाडीतून येत असतील आणि चालत येणारं कुणीच नसेल तर मैदान कुणाच्या हातात आहे ते त्यावरून कळतं.

तिसऱ्या माणसाने दर दहाव्या माणसाला थांबवायचं. दहावाच, मग तो घाईत असला तरी विचारायचं, नाही म्हणाला तर "नाही म्हणाले" असं लिहायचं आणि पुढचा दहावा. आपल्याला बोलकी माणसं आवडतात म्हणून आपण त्यांनाच थांबवतो, आणि मग सगळी उत्तरं गोड येतात. प्रश्न तीनच. कुठून आलात. किती वर्षांपासून येताय. आणि हे ग्राउंड नसतं तर आज सकाळी कुठे गेला असतात.

तिसरा प्रश्न म्हणजे या सगळ्या मोजणीचा जीव आहे. समजा सकाळी २०० माणसं आली आणि तुम्ही विचारलेल्या २० पैकी १४ जण म्हणाले की आधी टेकडीवर जायचो किंवा दुसऱ्या ग्राउंडवर जायचो, तर ७० टक्के लोक फक्त जागा बदलून आलेत. त्यांचीही सोय झाली, ते चांगलंच आहे, पण नव्याने हलायला लागलेली माणसं २०० नाहीत, अंदाजे ६० आहेत. अहवालात दोन्ही आकडे लिहा, शेजारी शेजारी. विसाच्या उत्तरावरून काढलेला आकडा कच्चाच असतो, चार फेऱ्यांची उत्तरं एकत्र केली की तो जरा पक्का होतो.

आणि जे येत नाहीत त्यांचं काय? गेटवर उभं राहून ते कधीच दिसणार नाहीत. म्हणून त्याच आठवड्यात एक संध्याकाळ जवळच्या वस्तीत जा, वीस घरं, दर पाचवं घर, आणि विचारा की घरातलं कुणी तिथे जातं का, नसेल तर का नाही. उत्तरं ऐकताना पर्याय वाचून दाखवू नका, त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. फी परवडत नाही, वेळ जुळत नाही, अंधार असतो, मुलीला एकटीला पाठवत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, आणि एक उत्तर जे मला फार लागतं ते म्हणजे "आपल्याला आत सोडत नसतील असं वाटलं". हे उत्तर देणाऱ्या ताईंना कुणी अडवलेलं नसतं, पण कुणी बोलावलेलंही नसतं. हे आकड्यात येतंच असं नाही, पण अहवालात आलंच पाहिजे.

कागदपत्रं कशी मिळवायची

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, अर्जाला १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. पण अर्ज कुठे करायचा ते आधी बघा. बालेवाडीचं संकुल राज्याच्या क्रीडा खात्याकडे आहे, आजूबाजूचे रस्ते-दिवे महापालिकेकडे, त्यामुळे दोघांनाही एकच अर्ज पाठवून उपयोग नाही. तुमच्या गावाचं असेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी करा की मालकी कुणाची.

माझा पहिला अर्ज फुकट गेला होता. मी एका कार्यालयाला विचारलं की गेल्या पाच वर्षांत मैदानाचा वापर किती वाढला, आणि उत्तर आलं की अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. फार वाईट वाटलं, महिना गेला. नंतर एका जाणत्या मित्राने सांगितलं की प्रश्न विचारू नकोस, कागद माग. तेव्हापासून मी असं लिहितो: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या मैदान आरक्षण रजिस्टरच्या प्रती, शुल्काचे दरपत्रक, देखभालीच्या खर्चाची वर्षवार नोंद, वीजबिलांच्या प्रती, खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांना मैदान दिल्याची नोंद. किंवा सरळ रेकॉर्डची पाहणी मागायची, ती मागायचा हक्क कायद्यात आहे, जाऊन बसायचं आणि स्वतः रजिस्टर चाळायचं. तिथल्या क्लार्क लोकांशी नीट वागा, चहा प्या, कुठली वही कुठल्या कपाटात आहे ते त्यांनाच माहीत असतं.

रजिस्टरमधून काय काढायचं तर मैदान वर्षातले किती दिवस खरंच खेळायला खुलं होतं. हा आकडा मला सगळ्यात आवडतो. ३६५ मधून मोठ्या स्पर्धांच्या तयारीचे दिवस वजा करा, सभा-समारंभ-कॉन्सर्टचे वजा करा, दुरुस्तीचे वजा करा, पावसाचे वजा करा, उरतील ते लोकांचे दिवस.

मग देखभालीचा खर्च. नुसता कोटींचा आकडा ऐकून काही कळत नाही, तो माणसाच्या तासावर आणा. समजा वर्षाला ५० लाख लागतात, दिवसाला ३०० माणसं सरासरी एक तास वापरतात आणि मैदान ३०० दिवस खुलं असतं, तर ९०,००० तास झाले, म्हणजे तासाला साधारण ५५ रुपये. आता हा आकडा जवळच्या खासगी टर्फच्या रेटशी लावून बघा, लगेच समजतं की पैसा सत्कारणी लागतोय की नाही. वापर निम्म्यावर आला की तोच खर्च माणशी तासाला ११० रुपये होतो, मैदान तेच असतं.

पैसा आणि नोकऱ्या

यावर मी जास्त वेळ घालवत नाही, कारण इथे फुगवलेले आकडे सगळ्यात जास्त असतात आणि साध्या माणसाला ते तपासता येत नाहीत. तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. स्थानिक माणसाने तिकिटाला पैसे दिले तर ते नवे पैसे नाहीत, त्याने त्या आठवड्यात सिनेमा बघितला नाही एवढंच. बाहेरून आलेल्या पाहुण्याने मोठ्या साखळी हॉटेलात पैसे दिले तर त्यातले बरेचसे शहराबाहेरच जातात. आणि "हजार नोकऱ्या" असं कुणी म्हटलं की किती महिन्यांच्या ते विचारा. समजा ४०० जणांना तीन महिने काम मिळालं तर ते १,२०० महिने, म्हणजे १०० माणसांना वर्षभर काम. ४०० नोकऱ्या आणि वर्षभराचं १०० माणसांचं काम, यात फार फरक आहे.

माणसं किती घडली

हे मात्र कुणीच मोजत नाही आणि ते बघून मला फार हळहळ वाटते, कारण स्पर्धेतून सगळ्यात टिकाऊ उरतं ते हेच. मोठी स्पर्धा आली की तांत्रिक अधिकारी लागतात, टायमर, स्टार्टर, लांब उडीची टेप धरणारे, स्कोअरर, शेकड्याने स्थानिक पीटीचे सर आणि मॅडम यांना ट्रेनिंग मिळतं. स्पर्धेच्या वेळच्या अधिकाऱ्यांच्या यादीतून पन्नास नावं घ्या, जिल्हा संघटनेकडे जुनी पुस्तिका मिळते, आणि एकेकाला फोन करून विचारा की अजून पंचगिरी करता का, शेवटची मीट कुठली केली, तुमच्या हाताखाली नवीन किती तयार झाले. पन्नासपैकी वीस जण दहा वर्षांनी पण शाळेच्या स्पर्धांना उभे राहत असतील तर ती मोठी कमाई आहे. स्वयंसेवकांनाही हेच विचारा.

आणि पदकांचं श्रेय जपून द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य, तो बालेवाडीच्या रेंजवर सराव करायचा. मग हे पदक मोठ्या स्पर्धांच्या यजमानपदाचं फळ म्हणायचं का? त्यात त्याच्या घरच्यांचा वाटा आहे, खेळाडू घडवणाऱ्या राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीचा आहे, कोचचा आहे, रेल्वेच्या नोकरीचा आहे, आणि रेंज होती याचाही आहे. मी अहवालात "मुळे" हा शब्द टाळतो आणि "ज्यात रेंजचा हातभार लागला" असं लिहितो, आणि खाली बाकीचे हातभारही लिहितो. वाचणाऱ्याला खरं चित्र मिळतं आणि त्या पोराच्या कष्टांचाही मान राहतो.

पोचलं म्हणजे फायदा झाला असं नाही

२०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल वर्ल्डकप भारतात झाला, नवी मुंबई आणि मडगावलाही मॅचेस होत्या. स्टेडियममध्ये एकूण १३ लाखांच्या वर प्रेक्षक आले, त्या गटाचा विक्रम होता. त्याच्याबरोबर १ कोटी १० लाख मुलांपर्यंत फुटबॉल न्यायचा कार्यक्रम झाला आणि महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०१७ ला १० लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावं असा उपक्रम झाला. फार सुंदर दिवस होता तो, चिखलात खेळणारी पोरं आठवतात. पण पोचलेली मुलं आणि खेळत राहिलेली मुलं हे दोन वेगळे आकडे आहेत. म्हणून आपल्या तालुक्यातल्या दहा शाळा घ्या, चिठ्ठ्या टाकून निवडा, ओळखीच्या नको, आणि तिथे जाऊन चार गोष्टी बघा. बॉल आहे का. त्यात हवा आहे का. खेळायला जागा आहे का. आणि मुलींची टीम आहे का. दुपारी मधल्या सुट्टीत गेलात तर कुणाला काही विचारावंही लागत नाही.

गोव्यातल्या मंडळींना तर फार चांगली संधी आहे, कारण त्यांच्याकडे जानेवारी २०१४ मध्ये लुसोफोनिया स्पर्धा, म्हणजे पोर्तुगीजशी नातं असलेल्या देशांच्या स्पर्धा, झाल्या आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. बांबोळीचं ऍथलेटिक्स स्टेडियम घ्या, पहिल्या स्पर्धेनंतर दुसरी येईपर्यंतच्या जवळजवळ दहा वर्षांत तिथे साध्या दिवशी काय चालायचं ते रजिस्टरमधून काढा, आणि दुसऱ्या वेळी ट्रॅक-छत-पाइपलाइनवर पुन्हा किती खर्च करावा लागला तेही.

तोटेही त्याच तक्त्यात

कुणाची जमीन गेली, कुणाची टपरी स्पर्धेच्या आधी हटवली आणि परत लागली का, घरभाडं किती वाढलं, किती झाडं गेली, पूर्वी मोकळं असलेलं कुठलं मैदान आता कुंपणात आहे. वेगळ्या पानावर नाही, त्याच तक्त्यात, त्याच अक्षरात. जागेचे भाव वाढले हे घरमालकाला चांगलं आणि भाडेकरूला वाईट, तर दोन ओळी करा. आणि सरकारी ऑडिटला फायद्याची मोजणी समजू नका. दिल्लीच्या स्पर्धांवर कॅगचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये आला, तो महत्त्वाचाच आहे, पण एवढ्या लवकर आलेला कुठलाही अहवाल खर्चाचाच हिशोब देऊ शकतो, दहा वर्षांनी वस्तीत काय उरलं ते त्यात कसं येणार.

मांडायचं कसं

दोन पानं, त्याहून जास्त नको. डावीकडे स्पर्धेआधी काय कबूल केलं होतं, मध्ये आज काय आहे, उजवीकडे शेजारच्या गावात काय आहे, आणि शेवटी कुणाला. प्रत्येक आकड्याखाली तो कसा मिळाला ते एका ओळीत. बदल दिसला नाही तर तसंच लिहा. ग्लासगोच्या अभ्यासात व्यायाम करणाऱ्या लोकांचं प्रमाण स्पर्धेमुळे एकूण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही आणि त्यांनी ते सरळ छापलं, त्यामुळे त्यांनी घरांबद्दल जे चांगलं लिहिलं त्यावरही माझा विश्वास बसतो.

छापायच्या आधी ते वस्तीत, शाळेत, सकाळी चालणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये मोठ्याने वाचून दाखवा. लोक चुका काढतात, काढू द्या. एका वाचनात एक काका म्हणाले, तुम्ही पूर्वेचं गेट मोजलं पण ज्येष्ठ लोक मागच्या छोट्या गेटने येतात, आणि आमचा ज्येष्ठांचा सगळा आकडा बदलावा लागला.

अहमदाबादेत राहणाऱ्या मराठी मंडळींना एक कळकळीची विनंती आहे. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा तुमच्याकडे आहेत. आत्ता, बांधकामाची धूळ उडायच्या आधी, एक मंगळवार काढा. मोटेराजवळच्या आणि तिथून लांबच्या दोन सारख्या शाळा, दोन मैदानं, दोन वस्त्या. किती जण येतात, कसे येतात, घरभाडं किती, पोरी किती वाजेपर्यंत बाहेर खेळतात. सगळ्यांचे फोटो तारखेसकट. वही जपून ठेवा, दोन जणांकडे कॉपी ठेवा, आणि फोनमध्ये २०३१, २०३३ आणि २०४० च्या फेब्रुवारीतल्या पहिल्या मंगळवारचा पावणेसहाचा अलार्म टाकून ठेवा, त्याच गेटचं नाव लिहून.